खडा काढायचा, जातं फेकायचं नाही

आम्ही बचत गटाच्या आणि आपल्या रेडिओच्या बायका बोलतोय. कुणी भाकरी थापत असेल, कुणी शेळ्यांना पाला टाकून ओट्यावर जरा टेकली असेल. कामं चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज गाण्याबद्दल बोलायचंय, कॉम्प्युटरबद्दल बोलायचंय आणि आमच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दलही बोलायचंय.

मागच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले आणि आम्ही सहज विचारलं, "बायांनो, तुमच्या पोरींना कुणासारखं व्हायचंय?" पहिलं उत्तर आलं, "आर्चीसारखं!" 'सैराट' आला २०१६ साली. त्यातली आर्ची झालेली रिंकू राजगुरू आपल्या अकलूजची. तिनं पडद्यावर बुलेट चालवली, ट्रॅक्टर चालवला आणि आपल्या पोरी आरशापुढं तिच्यासारखं बोलायला लागल्या. 'झिंगाट' लागलं की आजही वरातीत सासू-सुना बरोबरीनं नाचतात, तो सिनेमाही हाच. दुसरी म्हणाली, "माझीला रील करायचेत, दुसरं काही सुचतच नाही तिला." तिसरी म्हणाली, "लता मंगेशकर. पण तसा गळा कुठून आणायचा?" कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "आम्हाला असलं कुणी विचारलंच नाही बाई. आईसारखं व्हायचं, संपलं." सगळ्या हसल्या.

हा प्रश्न आम्ही उगाच काढला नव्हता. दिवाळीनंतर एक गोष्ट घडली होती आणि ती आमच्या डोक्यातून जात नव्हती.

आपल्या रेडिओवर कॉम्प्युटर बघणारी एक पोरगी आहे. गटातल्याच एका ताईंची मुलगी. गावात एमएस-सीआयटी केलं, मग तालुक्याला एसटीनं जाऊन-येऊन कॉम्प्युटरची पदवी घेतली. आम्ही गावोगाव फिरून मोबाईलवर आवाज घेऊन यायचो, ते सगळं एका ढिगात पडायचं. कोणती ओवी कुणाची, कुठल्या गावची, काही सापडायचं नाही. त्या पोरीनं स्वतःच्या हातानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मोबाईल जोडला की प्रत्येक आवाजाला आपोआप नाव मिळायचं, गावाचं नाव आणि तारीख. मग मोबाईल रिकामा व्हायचा. आम्हाला तर जादूच वाटली.

प्रोग्रॅम म्हणजे काय, हे तिनंच आम्हाला समजावलं होतं. म्हणाली, "काकू, तुम्ही नव्या सुनेला पुरणपोळी शिकवताना कसं सांगता? डाळ एवढी, पाणी एवढं, डाळ बोटानं चेपली गेली की उतरव, नाहीतर अजून शिजव. तसंच यंत्राला सांगायचं. फरक एवढाच की सून थोडं स्वतःच्या डोक्यानं करते, यंत्र अजिबात करत नाही. जे सांगितलं तेच करतं, सांगायचं राहिलं ते राहिलंच." पुढं म्हणाली, "आणि ओवीसारखंही असतं. जात्याचा फेरा तोच, चाल तीच, शब्द मात्र दर फेऱ्याला नवे. आम्ही त्याला लूप म्हणतो." आम्ही म्हटलं, म्हणजे आम्ही जन्मभर लूपच करत होतो की!

तिनंच आम्हाला एडा लव्हलेसबद्दल सांगितलं. इंग्लंडातली बाई. १८४३ साली, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्यक्षात यायच्या कितीतरी आधी, तिनं एका नियोजित गणिती यंत्रासाठी पायरीपायरीनं रीत लिहिली. पहिली प्रोग्रॅम लिहिणारी म्हणून तिचं नाव घेतात. तिनं तेव्हाच लिहून ठेवलं होतं की सुरांमधली नाती जर यंत्राला कळतील अशी मांडता आली, तर असं यंत्र संगीतसुद्धा रचू शकेल. आमच्यातल्या एकीनं विचारलं, "तिला स्वयंपाक कोण करून देत होतं?" उत्तर कुणालाच देता आलं नाही, पण प्रश्न बरोबर होता.

आता चूक कुठं झाली ते ऐका. एकाच दिवशी, एकाच गावात आम्ही दोन आज्यांचा आवाज घेतला. प्रोग्रॅमनं दोन्ही आवाजांना एकच नाव दिलं. नाव तेच, गाव तेच, तारीख तीच. एकाच नावाचा डबा, त्यात आधीची डाळ होती, यंत्रानं ती टाकून दिली आणि दुसरी भरली. मोबाईल तर रिकामा झालाच होता. पहिल्या आजींच्या १७ ओव्या गेल्या. त्या आजी ऐंशीच्या पुढच्या, दम लागतो, थांबून थांबून गायलेल्या.

पोरगी रडली. आणि आम्ही काय केलं? खरं सांगायचं तर आम्ही चांगलं वागलो नाही. कुणी म्हणालं, "तरी म्हटलं होतं, वहीत लिहा." कुणी म्हणालं, "पोरीच्या हाती एवढं कशाला दिलं?" प्रोग्रॅम चालला तेव्हा ती आपली पोरगी होती, चुकला तेव्हा ती तिच्या आईची झाली. ती रेडिओवर यायची बंद झाली. घरात बोलणं सुरू झालं, बास झालं कॉम्प्युटर, आता स्थळं बघू. तेव्हा आमच्या लक्षात आलं की ओव्या गेल्या ते गेल्याच, आता आपण पोरगीही घालवतोय.

मग आम्ही चौघीजणी तिच्या घरी गेलो. चहा झाला. तिच्या आईच्या मोबाईलवर जुनं गाणं लागलं होतं, लताबाईंचं. आमच्यातल्या एकीनं तिथूनच विषय काढला.

लताबाईंचे वडील, मास्टर दीनानाथ, १९४२ साली गेले. लताबाई तेव्हा तेराव्या वर्षात, पाच भावंडांत थोरल्या. घर चालवायला सिनेमात लहानसहान कामं केली. नंतर गाणं मागायला गेल्या तर एका निर्मात्यानं आवाज फार बारीक आहे म्हणून परत पाठवलं. एकदा मुंबईच्या लोकलमध्ये संगीतकार अनिल विश्वास यांनी त्यांची दिलीपकुमारांशी ओळख करून दिली. मुलगी मराठी आहे म्हटल्यावर दिलीपकुमार सहज बोलून गेले की मराठी लोकांच्या उर्दूला वरण-भाताचा वास येतो. अठरा-एकोणीस वर्षांची पोर, भर डब्यात ऐकून घेतलं. मनाला लागलं. पण घरी जाऊन गाणं सोडलं नाही. उर्दू शिकवायला शिक्षक लावले आणि शब्द घासूनपुसून घेतले. पुढं त्यांच्या उर्दू उच्चारांबद्दल कुणी बोट दाखवायला जागाच राहिली नाही.

आम्ही पोरीला म्हटलं, "लताबाईंचा गळा देवानं दिला असेल, पण उर्दू त्यांनी स्वतः मिळवली. गळा नाही मागता येत, ते दुसरं मागता येतं."

तिनं मान वर केली, पण बोलली नाही. तिची आई म्हणाली, "उद्या येईल ती."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला घेऊन त्या आजींकडंच गेलो. पोरगी पाया पडली आणि म्हणाली, "आजी, तुमचा आवाज माझ्या चुकीनं पुसला गेला." आजींनी तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, "दळताना खडा आला म्हणून कोणी जातं फेकून देतं का गं? खडा काढायचा आणि पुढं दळायचं." मग आतून जातं काढायला लावलं. बसल्या. अकरा ओव्या आठवल्या. बाकीच्या आठवेनात. तेवढ्यात सूनबाईंनी एक धरली, शेजारच्या मावशींनी दुसरी, दोन आणखी कुणाकुणाच्या तोंडून आल्या. अशा पंधरा झाल्या. दोन नाहीच मिळाल्या. त्या आजींनी त्यांच्या आईकडून घेतल्या होत्या आणि दुसऱ्या कुणाला येत नव्हत्या. हे आम्ही लपवत नाही. दोन ओव्या कायमच्या गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, दोन ओव्यांसाठी एवढं कशाला? तर ऐका. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी वर्षानुवर्षं मुळशी-मावळापासून गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या झाल्या. बर्नार्ड बेल हे संगीताचे आणि कॉम्प्युटरचे जाणकार, त्यांच्या मदतीनं त्या कॉम्प्युटरवर लावून ठेवल्या. विषय लावले, गाव, बाईचं नाव. आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्यांतल्या कितीतरी ओव्या ऐकायला मिळतात. परभणीकडच्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज तिथं आहे. त्या बायांनी कधी स्टेज बघितलं नसेल, गाणारी म्हणून कुणी त्यांना सुपारी दिली नसेल, पण नावानिशी राहिल्या. त्या राहिल्या त्या गळ्यामुळं आणि मागं बसून नीट नावं लावणाऱ्या हातांमुळं. दोन्ही लागतात.

आमच्या पोरीनं प्रोग्रॅम दुरुस्त केलाय. आता नावात गाव, तारीख, वेळ आणि गाणारीचं नाव येतं. त्याच नावाचा आवाज आधीच असेल तर यंत्र थांबतं आणि विचारतं. आणि माणूस ऐकून "ठीक आहे" म्हणेपर्यंत मोबाईल रिकामा होत नाही.

तुमच्या गटातही कुणी ओव्या, पाळणे, भोंडल्याची गाणी मोबाईलवर घेत असाल, तर आमच्या चुकीतून एवढं घ्या. आधी गाणारीला विचारा, तिची परवानगी घ्या. फोन येणार नाही असं करून ठेवा, पंखा बंद करा. सुरुवातीलाच तिचं नाव, गाव आणि तारीख मोठ्यानं बोलून घ्या, म्हणजे फाईलचं नाव हरवलं तरी आवाजातच ओळख राहते. घरी आल्यावर दोन ठिकाणी ठेवा, एक कॉम्प्युटरवर, एक पेनड्राईव्हवर. दोन्ही ऐकून बघा. मगच मोबाईलमधून काढा.

आणि पोरींना कुणासारखं व्हायचंय हे जरूर विचारा. आर्ची म्हणाल्या तर म्हणू द्या, बुलेट वाईट नाही. लताबाई म्हणाल्या तर गाण्याबरोबर ती उर्दूची गोष्टही सांगा. आणि कॉम्प्युटरपुढं बसलेली तुमच्याच आळीतली कुणी असेल, तर तिचंही नाव घ्या. तिच्या हातून काही चुकलं तर पहिल्या दिवशी तिच्या दारात जा, आमच्यासारखा उशीर करू नका.

आजी ऐकत असतील. आजी, तुमच्या पंधरा ओव्या पुढच्या मंगळवारी याच वेळेला लावतोय. उरलेल्या दोन कुणाच्या माहेरी गात असतील तर आम्हाला कळवा, आम्ही मोबाईल घेऊन येतो. चला, भाकरी करपेल. राम राम.