दाखल्यावरचे नाव आणि घरावरचा हक्क

सहकारी गृहनिर्माण संस्थेतल्या वादात हक्क कोणाचा, याच्या आधी तो ठरवायचा कोणी, हा प्रश्न येतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 91 प्रमाणे संस्थेचे व्यवस्थापन, सर्वसाधारण सभेचे कामकाज किंवा संस्थेचा व्यवसाय यांसंबंधीचे सभासद आणि संस्था यांच्यातले वाद सहकार न्यायालयाकडे जातात. अशा वादांत कलम 163 ने दिवाणी न्यायालयाचे दार बंद केले आहे.

सगळा खल ‘व्यवसाय’ या एका शब्दावर झाला. डेक्कन मर्चंट्स सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये त्याचा अर्थ आवळला: बँकेकडे आलेल्या इमारतीतला भाडेकरू काढणे हा बँकेचा व्यवसाय नव्हे. गृहनिर्माण संस्थेचे तसे नाही. सभासदांना राहायला घर देणे हाच तिचा व्यवसाय. म्हणून सभासदाने परवान्यावर ठेवलेल्या बाहेरच्या माणसाचा वाद कलम 91 मध्ये बसतो, असे त्याच न्यायालयाने 1982 मध्ये ठरवले. मात्र 1 फेब्रुवारी 1973 रोजी भाडे कायद्याचे संरक्षण मिळालेल्या परवानाधारकाला या वाटेने घराबाहेर काढता येत नाही, हे 1990 मध्ये स्पष्ट झाले.

दाभोळसारख्या गावात हा कायदा बहुधा पत्र्याच्या पेटीतून वर येतो. मुंबईत हयात काढलेला चाकरमानी वारतो आणि पेटीत सापडतात भागदाखला, मेंटेनन्सच्या पावत्या आणि नामनिर्देशनाच्या अर्जाची प्रत. अर्जावर नाव थोरल्या भावाचे, वारस चौघे. थोरला म्हणतो, खोली माझी. नामनिर्देशनालाच मृत्युपत्र समजण्याची ही समजूत कोकणातल्या कितीतरी घरांना महागात पडली आहे. नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने 1981 मध्येच सांगितले. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निकालातला खटला पश्चिम बंगालमधला होता. त्यातही संस्थेला नामनिर्देशन मानावे लागते, पण वारसांचा मालकीचा दावा खुला राहतो, असाच निर्वाळा आहे. गृहनिर्माण संस्थांसाठी 2019 मध्ये अधिनियमात स्वतंत्र प्रकरण आले. त्यानुसार वारसांची नोंद होईपर्यंत अशी व्यक्ती तात्पुरती सभासद असते. वारसांनी आपसात कुटुंब व्यवस्थापत्र केले, तर त्यावरूनही भाग हस्तांतरित होतात. भावंडांचे पटत असेल तर हाच मार्ग धरावा; कारण खटल्याच्या प्रत्येक तारखेला दाभोळहून दापोली, दापोलीहून खेड आणि पुढे रात्रीची गाडी ठरलेली.

वारसांमधला मालकीचा तंटा दिवाणी न्यायालयातच सुटतो. सचिवाला किंवा उपनिबंधकाला तो सोडवता येत नाही. थकबाकीच्या वसुली दाखल्याची वाट आणखी वेगळी: त्याविरुद्ध पुनरीक्षण मागताना निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

सहकार न्यायालयाच्या निकालावर 2 महिन्यांत राज्य सहकारी अपील न्यायालयात अपील करता येते. त्यापुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद 227 खाली उच्च न्यायालय आहे, पण तिथे पुरावा नव्याने तोलला जात नाही. खालच्या न्यायालयाने अधिकाराची मर्यादा ओलांडली का, उघड अन्याय झाला का, एवढेच पाहिले जाते. चुकीच्या न्यायालयात सद्भावनेने आणि तत्परतेने लढण्यात गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम 14 प्रमाणे मुदतीतून वगळता येतो. तत्परता होती, हे मात्र दावेदारालाच दाखवावे लागते.