ऋण सोडण्याचें वर्ष
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या पूर्वसंध्येस दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण झालीं. मंदिर फुलांनीं सजलें आहे आणि दूरदूर पांगलेलीं आपलीं माणसें घरीं परतलीं आहेत. आनंद करावा असाच हा प्रसंग आहे. परंतु 'जुबिली' हा शब्द मूळचा मेजवानीचा नव्हे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत इस्राएल लोकांस जें पन्नासावें वर्ष नेमून दिलें आहे, तें परत करण्याचें वर्ष होय. विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी, कर्जापायीं दास झालेल्यानें आपल्या घरीं परत जावें, अशी ती आज्ञा आहे. प्रभूनें शिकविलेली प्रार्थना संत मत्तयानें लिहून ठेविली आहे. तींतहि 'अपराध' या ठिकाणीं मूळ ग्रीक शब्द 'ऋण' असाच आहे. तेव्हां आज क्षमेविषयीं बोलणें हें महोत्सवाच्या विषयास सोडून बोलणें नव्हे.

ज्यानें दुःख भोगिलें त्यानें दुसऱ्यास धीर द्यावा, हें आपण नेहमीं ऐकतों. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभींच संत पौल सांगतो कीं, आपल्या संकटांत देवाकडून लाभलेलें सांत्वन आपण इतर संकटग्रस्तांस द्यावें. पण तें द्यावें कसें? मयताच्या घरीं जाऊन "देवाची इच्छा" एवढें म्हणून आपण मोकळे होतों. मला स्वतःस ही रीत पसंत नाहीं. स्वतः जखम न सोसतां दिलेला उपदेश रडणाऱ्याच्या कानीं पोहोंचतच नाहीं. आपल्याच देशांत घडलेली एक हकीकत या कामीं माझ्या शंभर शब्दांहून अधिक उपयोगी पडेल.

केरळांतील पुल्लुवळी गांवीं १९५४ सालीं जन्मलेली राणी मारिया ही फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाची धर्मभगिनी. १९९२ सालीं ती मध्य प्रदेशांत इंदूरजवळील उदयनगर येथें आली. तेथील आदिवासी शेतकरी सावकारांच्या व्याजांत पिढ्यानपिढ्या बुडालेले होते. तिनें त्यांस एकत्र बसविलें, बचत करावयास शिकविलें, हक्काची माहिती दिली. ज्यांचा धंदा त्या कर्जांवर चाले, त्यांस हें खुपलें. २५ फेब्रुवारी १९९५ रोजीं ती बसनें इंदूरकडे निघाली असतां, समंदरसिंह नांवाच्या तरुणानें इतरांच्या चिथावणीवरून उतारूंच्या देखत तिच्यावर सुरीचे वार केले. अंगावर चोपन्न जखमा होत्या. येशूचें नांव घेत तिनें प्राण सोडिला. पाहा, कर्ज सुटावें म्हणून झटणारी ही स्त्री. जुबिलीचा अर्थ तिला आपल्यापेक्षां अधिक कळला होता.

समंदरसिंहास जन्मठेप झाली. पत्नी त्यास सोडून गेली. ज्यांनीं चिथाविलें त्यांचा सूड घ्यावा, हाच विचार तो तुरुंगांत घोळवीत बसे. स्वामी सदानंद या नांवानें ओळखले जाणारे एक धर्मगुरु त्यास भेटूं लागले, आणि त्यांनीं ती भेट एकदां घेऊन सोडिली नाहीं.

राणी मारियेची सख्खी धाकटी बहीण, सेल्मी पॉल, ही देखील त्याच संघांत धर्मभगिनी. २००२ सालीं, रक्षाबंधनाच्या सुमारास, ती तुरुंगांत गेली आणि बहिणीच्या मारेकऱ्याच्या मनगटावर तिनें राखी बांधली. बंधुभगिनींनो, राखी म्हणजे काय तें तुम्हां-आम्हांस सांगावयास नको. खुनानंतर सात वर्षें लोटलीं होतीं. हीं सात वर्षें मला फार मोलाचीं वाटतात. क्षमा दुसऱ्याच दिवशीं करावी असा हट्ट कोणी कोणास धरूं नये. मग माता एलीश्वा हिचें काय? त्या हातांचें चुंबन घ्यावें, कारण त्यांस आपल्या लेकीचें रक्त लागलें आहे, असें ती माउली म्हणे. कुटुंबानें त्याच्या सुटकेसाठीं अर्जहि केला. २००६ सालीं तो सुटला आणि पुढें केरळांत जाऊन तिच्या मातापित्यांस भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजीं इंदूर येथें ख्रिस्तसभेनें राणी मारियेस 'धन्य' म्हणून घोषित केलें.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. समंदरसिंह अकरा वर्षें तुरुंगांत होता. क्षमेनें खून हा खून नव्हता असें ठरत नाहीं. आणि क्षमेच्या नांवाखालीं एखाद्या भगिनीस "घरीं मार सोसत राहा" असें सांगणें, यास मी क्षमा म्हणणार नाहीं. तो निव्वळ भित्रेपणा आहे, आणि तोहि सांगणाऱ्याचा.

आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रूसावर मेला. त्याच टेकडीवर, शेजारच्या क्रूसांपैकीं एकावरून पौल मिकी यानें मारणाऱ्यांस उघड क्षमा केली. तेव्हां ही रीत आपणांस नवी नाहीं. कठीण आहे ती आपल्या अंगणांत. सुरी घेऊन आपल्यावर कोणी आलेलें नसतें; बांधावरची हातभर जमीन, विहिरीचें पाणी, वडिलांच्या मागें झालेली वाटणी, लग्नांत राहून गेलेलें आमंत्रण, एवढ्यावरून दोन दोन पिढ्यांचें बोलणें बंद असतें. मुलांस कारणहि ठाऊक नसतें. अबोला तेवढा वारशानें मिळतो. अशा घरांत आपण श्रद्धेचे धडे देतों, आणि मुलें मात्र चुलत्याच्या दाराकडे पाहतात.

उद्यां सकाळीं महोत्सवाची पवित्र मिस्सा आहे. शांतीची खूण करावयाची वेळ येईल, तेव्हां डावीउजवीकडील माणसांस हात जोडून आपण सहज मोकळे होऊं. ज्यांच्याशीं बोलणें नाहीं, तीं माणसें त्याच मंदिरांत असतील. कोणत्या बांकावर बसतात, तें आपणांस पुरतें ठाऊक आहे.