लष्करी तळावरील नागरी नोकर : शिस्त आणि हक्क
(मालवण येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



लष्करी छावणीचे जीवन आपल्या समाजाला अपरिचित नाही. रामजी सुभेदार महूच्या छावणीत सैनिकी शाळेचे शिक्षक होते आणि १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म तेथेच झाला. परंतु आज मला सैनिकाविषयी नव्हे, तर त्याच आवारात राबणाऱ्या नागरी नोकराविषयी बोलावयाचे आहे. आपल्या किनाऱ्याच्या दक्षिणेस गोव्यात दाबोळी येथे १९६४ पासून नौदलाचा 'हंसा' हा तळ आहे. उत्तरेस मुंबईची नौदल गोदी आहे. अशा ठिकाणी कारकून, भांडारपाल, सुतार, स्वयंपाकी लागतात. आपल्या घरातील कोणी तेथे लागले, तर त्याने कोणते जीवन पत्करले, हे घरच्यांनीही समजून घेतले पाहिजे.

प्रथम शिस्त. फाटकावर ओळखपत्र दाखवावे लागते, झडती होते. आतील गोष्टी बाहेर सांगणे वा छायाचित्रे धाडणे हा १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. सरकारी निवासस्थान नोकरीबरोबर येते आणि नोकरीबरोबर जाते; म्हणून गावचे घर मोडू नये. हे नियम जात पाहून केलेले नाहीत. ते मनापासून पाळावेत.

परंतु शिस्त म्हणजे गुलामगिरी नव्हे. अस्पृश्यता नष्ट करणारे घटनेचे १७ वे कलम फाटकाशी थांबत नाही. नेमून दिलेले काम चोख करावे. जातीवरून दिलेले काम मात्र मुकाट्याने पत्करू नये.

आता कायदा ऐका. सर्व नागरी नोकरांना एकच माप लागत नाही. गोदीत व दारूगोळा कारखान्यांत कामगार संघटना आहेत. मात्र सैन्याच्या तुकड्यांना जोडलेले स्वयंपाकी, चौकीदार, न्हावी, शिंपी हे घटनेच्या ३३ व्या कलमापुरते सैन्यदलाचे घटकच होत, सबब त्यांचा संघटनेचा हक्क मर्यादित करता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली दिला. तसेच बडतर्फीपूर्वी चौकशीची हमी देणारे ३११ वे कलम संरक्षणविषयक पदावरील नागरी नोकरास लागू नाही. त्याची शिस्तभंगाची कारवाई सामान्यतः १९६५ च्या केंद्रीय सेवा नियमांप्रमाणे चालते. परंतु ३१० व्या कलमातील राष्ट्रपतींच्या मर्जीला ते नियम अडवू शकत नाहीत, असे त्याच न्यायालयाने सांगितले.

हे मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. ज्याची भिंत ठेंगणी, त्याने दार नीट राखावे, एवढाच याचा अर्थ. आरोपपत्र हाती पडले तर मुदतीत लेखी उत्तर द्यावे. शिक्षेविरुद्धचे अपील ४५ दिवसांत करावे. तेथे न्याय न मिळाल्यास केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. महाराष्ट्र व गोवा यांसाठी त्याचे खंडपीठ मुंबईस आहे आणि अंतिम आदेशापासून साधारणतः एक वर्षाच्या आत तेथे जावे लागते. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी आणि प्रत घरी ठेवावी. तोंडी तक्रारीला साक्षीदार नसतो.

जो कंत्राटदारामार्फत आत जातो, तो सरकारी नोकर नव्हे. त्याला हा मार्ग नाही. त्याने वेतनचिठ्ठी व भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक मागून घ्यावा आणि वेतन थकल्यास केंद्र सरकारच्या कामगार खात्याकडे जावे. सही करण्यापूर्वीच विचारावे : माझा मालक कोण?

शेवटी जातीच्या दाखल्याविषयी. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्र सरकारच्या नोकरीत राखीव जागांचा हक्क १९९० च्या कायद्याने मिळाला. म्हणून अर्जात धर्म लपविण्याचे कारण उरलेले नाही. 'बौद्ध' असे स्वच्छ लिहावे आणि दाखला योग्य नमुन्यात आधीच काढून ठेवावा.

फाटकातून आत जाताना ओळखपत्र दाखवावे, मान खाली घालू नये. घरच्यांनी त्याच्या पगाराबरोबर त्याच्या कागदांचीही विचारपूस करीत जावी, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.

जय भीम.