गुडघा किती दुखतो?

श्रोतेहो, गुडघ्याची झीज का होते, वजन का उतरवायचं, हे तुम्ही पुष्कळदा ऐकलंय. ते आज नको. माझं आज एकच गाऱ्हाणं आहे. 'शून्य ते दहात दुखणं किती?' असं आम्ही डॉक्टरांनी विचारलं, की तुम्ही 'तीन' म्हणता आणि मोकळे होता. अहो, तीन कशाचे? सपाट रस्त्यावरचे की जिन्यावरचे?

एक्स-रे झीज दाखवतो, दुखणं दाखवत नाही. एक्स-रेवरून झीज ठरवायला केलग्रेन आणि लॉरेन्स यांची १९५७ची प्रतवारी आम्ही आजही वापरतो. पण तिच्यात चौथ्या पायरीवरच्या आजी भाजी घेऊन येतात आणि दुसऱ्या पायरीवरचे काका रात्रभर कण्हतात. तेव्हा दुखणं तुमच्याच तोंडून ऐकावं लागतं.

आणि तिथंच घोळ होतो. घराला कुलूप लावून महिनाभर गावी गेलात, तर विजेचं बिल कमी येतं. म्हणून काय जुना फ्रीज सुधारला? तुम्ही जिना सोडलात, देवळात जाणं सोडलंत, खाली मांडी घालणं सोडलंत. मग दुखण्याचा आकडा उतरणारच. बिल कमी आलंय, कारण घरात दिवाच लावलेला नाही! आकड्याबरोबर काय काय बंद केलंत, तेही सांगा.

दुखणं आणि हालचाल दोन्ही विचारणारी, कॅनडात तयार झालेली 'वोमॅक' नावाची २४ प्रश्नांची यादी आहे. तिच्यात दुखण्याचे प्रश्न पाचच, आखडण्याचे दोन आणि रोजच्या हालचालींचे तब्बल १७. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. मूळ यादीत आंघोळीच्या टबात शिरण्या-निघण्याचाही प्रश्न आहे. आपल्याकडे टब किती घरांत? पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसने ती यादी आपल्या राहणीला जुळवून घेतली, हे बरं झालं. उकिडवं बसता येतं का, हे विचारल्याशिवाय आपला गुडघा कळायचा कसा?

पुन्हा सांगते, कारण तुम्ही दवाखान्यात विसरता: काय सोडलंत, ते सांगा. सूनबाई सोबत असतील तर त्यांना बोलू द्या. तुम्ही 'बरंय' म्हणाल, त्या खरं सांगतील.

गोळी घेऊन आलात की न घेता, त्यानंही आकडा... पण निवेदक खूण करताहेत. रात्रीचा ठणका तेवढा राहिला. त्यानं झोप मोडत असेल, तर तो वेगळा सांगा; दिवसाच्या तीनमध्ये मिसळू नका.