पाड्यापासून सडकेपर्यंत



पेठ-सुरगाण्याकडचा रुग्ण नाशिकच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात आला की एक प्रश्न हमखास कानावर पडतो, "एवढा उशीर का केला?" विचारणाऱ्याच्या मनात कळकळ असते आणि थोडा रागही असतो. ज्याला विचारलं तो मान खाली घालून उभा राहतो. आज त्याच्या वतीनं मला उत्तर द्यायचं आहे.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीचा पश्चिमेकडचा भाग डोळ्यांसमोर आणा. इथं गाव एका जागी वसलेलं नसतं. डोंगराच्या सोंडांवर पाच-सात पाडे विखुरलेले असतात आणि जूनपासून मधले ओहोळ भरून वाहतात. दुखणाईताला सडकेपर्यंत आणायचं तर डोली करावी लागते. बांबूला घोंगडी किंवा चादर बांधायची, दोघांनी पुढं, दोघांनी मागं खांदा द्यायचा. चिखलाची चढण असली की खांदा बदलायला आणखी चौघं लागतात. म्हणजे एका बाईला दवाखान्यात न्यायला आठ धडधाकट माणसं हवीत. पावसाळ्यात ही माणसं भाताच्या आवणीत गुंतलेली असतात. दिवाळीनंतर अर्धा पाडा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला गेलेला असतो. रात्री कळा सुरू झाल्या तर आधी घरोघर जाऊन माणसं उठवायची आणि फोनला रेंज मिळते त्या टेकाडावर एका पोराला धाडायचं.

२०२३च्या पावसाळ्यात इगतपुरी तालुक्यातल्या एका वाडीतल्या गर्भवतीला रस्त्याअभावी पावसातून पायी यावं लागलं. ती वाचली नाही. वर्तमानपत्रांत दोन-चार दिवस बातम्या आल्या. तशा बातम्या दर पावसाळ्यात येतात आणि विरतात, याची मला फार खंत वाटते.

गाड्या नाहीत असं मी म्हणणार नाही. २६ जानेवारी २०१४ला महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. राज्यभरासाठी ९३७ रुग्णवाहिका आल्या आणि त्यांत डॉक्टरही असतात. गरोदर बायांसाठी १०२ची गाडी आहे. या सेवेनं असंख्य जीव वाचवले आहेत. पण गाडी सडकेवर येऊन थांबते. सडकेपासून पाड्यापर्यंतची वाट अजून माणसाच्या खांद्यावरच आहे.

या उशिराचा अभ्यासही झाला आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी १९९४ साली मातामृत्यूंवर एक निबंध प्रसिद्ध केला. बाई दगावते ती तीन ठिकाणच्या उशिरामुळे, अशी त्यांची मांडणी आहे. दवाखान्यात जायचं ठरवण्यात उशीर होतो, मग पोचण्यात होतो आणि पोचल्यावर उपचार सुरू होण्यात होतो. जगभरचे आरोग्य कार्यकर्ते आजही ही मांडणी वापरतात. तिच्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की पहिला उशीर पुष्कळदा दुसऱ्याच्याच पोटात असतो. वाट किती अवघड आहे हे घरातल्यांना ठाऊक असतं, म्हणून ते "सकाळपर्यंत बघू" म्हणतात. शहरातला माणूस याला अडाणीपणा म्हणतो. मला तो हिशोब दिसतो. अंधारात ओहोळ ओलांडायचा का, आठ माणसांची उद्याची मजुरी बुडवायची का, पुढं नाशिकला पाठवलं तर तिथं राहायचं कुठं आणि परतायचं कसं, हे सगळं त्या "सकाळपर्यंत"मध्ये असतं.

परतीच्या वाटेचा विचार तर आपण करतच नाही. २०११ साली आलेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर बाईला घरून दवाखान्यात आणणं, गरज पडल्यास मोठ्या दवाखान्यात नेणं आणि बाळासह घरी सोडणं हे तिन्ही मोफत आहे. आजारी नवजात बाळालाही हा हक्क आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया झालेल्याच्या परतीच्या एसटी भाड्याचीही तरतूद आहे. एसटीत डायलिसिस आणि सिकलसेलच्या रुग्णांना मोफत प्रवास आहे, क्षयरोग आणि कर्करोगाच्या रुग्णांना भाड्यात मोठी सवलत आहे. यातलं किती पाड्यावर पोचलंय? पोटावर ताजे टाके घेऊन वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं पेठच्या वाटेवरचा सावळघाट ओलांडणाऱ्या बाईला घरपोच गाडी हा तिचा हक्क होता, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

वाटेचा हा प्रश्न राज्याच्या सीमेवरही उभा राहिला. डिसेंबर २०२२मध्ये सुरगाणा तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांनी आम्हाला गुजरातेत जाऊ द्या, अशी मागणी केली. त्यावरून मोठा गदारोळ झाला. पण त्यांच्या तक्रारी वाचल्या तर रस्ता, पाणी आणि दवाखाना याच होत्या. आजारी माणूस सीमा बघत नाही. धरमपूर-वलसाडची वाट सोपी असेल तर तो तिकडंच जाईल आणि त्यानं तसंच करावं.

आपल्याकडेही आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघर नावाची सोय आहे. बाईनं तारखेच्या काही दिवस आधीच तिथं येऊन राहायचं, सोबत लहान मूल आणि घरचं एक माणूस. रात्रीची डोली टाळणारा याहून शहाणा उपाय मला ठाऊक नाही. पण बाई माहेरघरात आली की तिच्या शेळ्या-कोंबड्या कोण बघणार, सोबत आलेल्या सासूचा रोज कोण देणार? याचं उत्तर नसेल तर खोली रिकामीच राहते. सोबतीला येणाऱ्या माणसाचा खर्च हा उपचाराचाच खर्च धरला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आज तो कुठल्याच बिलात दिसत नाही. रात्र रात्र बाईसोबत बसणाऱ्या आशाताईंची झोपही दिसत नाही.

रस्ते व्हायलाच हवेत, पण ते होईतो हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. आवणी लागण्याआधी प्रत्येक पाड्यावर एक बैठक घेता येईल. पुढच्या चार महिन्यांत कुणाचे दिवस भरतात, कुणाला दर आठवड्याला डायलिसिसला जावं लागतं, त्याची यादी आशाताईंकडे असतेच. प्रत्येक नावापुढं चार गोष्टी लिहायच्या: खांदा कोण देणार, सडकेवर कुणाची जीप येणार, तिचं भाडं कोण भरणार, घरी गुरं-पोरं कोण सांभाळणार. भाड्याची जबाबदारी ग्रामपंचायतीनं आधीच उचलली तर जीपवाला रात्री दोनलाही निघतो. आणि दिंडोरी-निफाडच्या बागायतदारांना माझी विनंती आहे, तुमच्या बागेत आठव्या महिन्याची बाई कामाला असेल तर तिचं माता-बाल कार्ड आजच बघा आणि जवळच्या आरोग्य केंद्रात तिची नोंद करून द्या. छाटणीच्या घाईत ते राहून जातं.