कुमुदताई पावडे : ज्ञानाची माय

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात केलेले भाषण)



संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी मला बोलण्याची संधी दिली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी कोणी विचारवंत नाही. बी.ए. होऊन बँकेत कारकून झालेला साधा माणूस आहे. दिवसभर नोटा मोजायच्या, स्लिपा तपासायच्या, हेच माझे काम. तरीही "आपल्या समाजातील थोर माता" या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा एक नाव लगेच डोळ्यांसमोर आले. ते नाव प्रा. कुमुदताई पावडे यांचे. २०२३ साली, वयाच्या ८४ व्या वर्षी, नागपूरला त्यांचे निधन झाले. त्यांना मी कधी भेटलो नाही. पण ज्यांनी आपल्याला शिकवले त्या सगळ्यांची भेट झालेलीच असते असे कुठे आहे?

कुमुदताईंचा जन्म १९३८ चा, नागपूरचा. माहेरचे नाव कुमुद सोमकुवर. ज्या नागपुरात त्या जन्मल्या, तिथे मुलींच्या शिक्षणाची वाट आधीच कोणीतरी तुडवून ठेवली होती. उमरेडच्या जाईबाई चौधरी यांनी आधी हमाली केली, डोक्यावर ओझी वाहिली. एका मिशनरी बाईंच्या मदतीने त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. पण अस्पृश्य बाई शिकवते म्हणून ओरड झाली आणि नोकरी गेली. तेव्हा रडत न बसता १९२२ साली त्यांनी नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपुरातच दलित महिलांची मोठी परिषद झाली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया जमल्या होत्या. स्वच्छ राहा, मुलांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, असे बाबासाहेबांनी तिथे आपल्या आयाबहिणींना सांगितले. कुमुदताई तेव्हा पुऱ्या चार वर्षांच्याही नव्हत्या. पण अशा वातावरणात त्या वाढल्या, हे लक्षात घेतले पाहिजे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या "आम्हीही इतिहास घडवला" या पुस्तकात या साऱ्या मायमाउल्यांचा इतिहास आहे. विद्यार्थ्यांनी तो मुळातून वाचावा.

आता कुमुदताईंचे वेगळेपण कशात? त्यांनी संस्कृत शिकायचे ठरवले. जी भाषा आपल्या पूर्वजांच्या कानावर पडू नये म्हणून नियम केले गेले, तीच भाषा या मुलीला हवी झाली. लहानपणी मुंजीच्या मांडवाबाहेर उभे राहून मंत्र ऐकल्याची आणि त्यापायी जातीवरून बोलणी खाल्ल्याची आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे. हायस्कुलात संस्कृत शिकवायला गोखले गुरुजी होते. त्यांचा जुन्या वळणाचा वेश पाहून मुलीच्या मनात धाकधूक, की हे आपल्याला शिकवतील का? पण गुरुजींनी भेदभाव केला नाही, मनापासून शिकवले. कुमुदताईंनी त्यांचे नाव कृतज्ञतेने नोंदवले. ज्याने चांगले केले त्याला चांगले म्हणायला त्या कचरल्या नाहीत. पुढे एम.ए.ला मात्र उलटा अनुभव आला. ज्या विद्वानाने कौतुक करायचे, त्याच्याच कपाळाला आठ्या. तरीही त्या एम.ए. झाल्या. दलित समाजाची मुलगी संस्कृतमध्ये एम.ए. झाली म्हणून नाव झाले, सत्कार झाले.

आणि नोकरी? ती मात्र मिळेना. अर्ज केले, मुलाखती दिल्या, पार दिल्लीत बाबू जगजीवनराम यांच्यापर्यंत पत्र लिहिले. कौतुकाचे शब्द मिळाले, पण खुर्ची मिळाली नाही. त्यानंतर मोतीराम पावडे यांच्याशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला. कुमुद सोमकुवर यांच्या कुमुद पावडे झाल्या. आणि काय आश्चर्य, शासकीय महाविद्यालयात संस्कृत शिकवण्याची नेमणूक मिळाली! पदवी तीच होती, बुद्धी तीच होती, बदलले होते फक्त आडनाव. कुमुदताईंनी हे लपवले नाही. १९८१ साली आलेल्या "अंतःस्फोट" या आत्मकथनपर पुस्तकात त्यांनी स्पष्ट लिहिले, की नोकरीचे श्रेय सासरच्या आडनावाला गेले, माहेरची जात होती तिथेच राहिली.

मित्रहो, मी कॉलेजात असताना हे पुस्तक ग्रंथालयातून आणून वाचले. वाचले, परत केले, परीक्षेच्या नादात विसरून गेलो. ते मला पुन्हा आठवले ते एका लाजिरवाण्या प्रसंगी. आज तो तुमच्यापुढे सांगतो.

बँकेत लागल्यावर पहिली नेमणूक तालुक्याच्या गावी झाली. खोली पाहायला गेलो. घरमालकाने नाव विचारले. मी पहिले नाव सांगितले. त्यांनी पूर्ण नाव विचारले, तर मी वडिलांचे नाव सांगून थांबलो. "बँकेत आहे" हे मात्र दोनदा सांगितले. खोली मिळाली. चार महिने मी त्या खोलीत राहिलो. दाराला नावाची पाटी लावली नाही. बाबासाहेबांचा फोटो पेटीतच राहिला.

माझी माय मला भेटायला आली. ती शाळेत गेलेली नाही. लोकांच्या शेतात कापूस वेचून, निंदण करून तिने आम्हा भावंडांना शिकवले. साक्षरतेच्या वर्गात ती रात्री कंदिलापाशी बसून सही शिकली. तिची सही म्हणजे तीन शब्द. नाव, वडिलांचे नाव, आडनाव. एकही गाळत नाही. तिने खोलीच्या भिंती पाहिल्या, पेटी उघडली, फोटो पाहिला आणि म्हणाली, "काहून रे, नाव दडवून घेतलेल्या खोलीत झोप येते का तुले?"

मी उत्तर देऊ शकलो नाही. तिने पदराने फोटो पुसला आणि खिळ्याला टांगला. त्या महिन्याच्या अखेरीस मला खोली सोडावी लागली. नवी खोली मिळायला सहा आठवडे गेले. तोवर एका सहकाऱ्याच्या घरी पथारी टाकली. पण त्यानंतर आजपर्यंत मी कुठेही अर्धे नाव सांगितले नाही.

कुमुदताई संस्कृतच्या पंडिता. माझी माय तीन शब्दांची धनी. पण दोघींनी शिकवलेला धडा एकच आहे. जे खरे आहे ते सांगा, आणि ताठ मानेने सांगा.

दर महिन्याला माझ्या काउंटरसमोर निराधार योजनेच्या पैशांसाठी म्हाताऱ्या मायबहिणींची रांग लागते. कित्येकींचा अंगठा असतो. शाईचा पॅड पुढे केला की त्या ओशाळतात, पदराआड बोट पुसतात. अंगठ्याला साक्षीदार लागतो. सहीला लागत नाही. स्वतःच्या नावासाठी दुसऱ्याची साक्ष लागू नये, एवढ्यासाठी तरी शिक्षण हवे, हे मला पुस्तकापेक्षा त्या रांगेने जास्त शिकवले.

आता एक शेवटची गोष्ट सांगून आटोपतो. माझी मुलगी आठवीत गेली तेव्हा तिने संपूर्ण संस्कृत घ्यायचे म्हटले. माझ्या तोंडून पटकन निघून गेले, "आपल्याला काय करायचे ते घेऊन?" बोललो आणि जीभ चावली. पूर्वी दुसरे लोक आपल्या मुलींना हेच म्हणत होते. आता मीच बाप होऊन म्हणत होतो! काही बांधव म्हणतील, आपली भाषा पाली, संस्कृत कशाला? पाली अवश्य शिकावी. पण कोणते ज्ञान आपले आणि कोणते परक्याचे ही वाटणी आपण का मान्य करावी? बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी हट्टाने संस्कृतचा अभ्यास केला आणि ग्रंथांतला अन्याय जगापुढे मांडला. कुमुदताईही संस्कृत शिकल्या, पण विषमतेपुढे वाकल्या नाहीत. जन्मभर दलित स्त्रीच्या बाजूने बोलत आणि लिहीत राहिल्या. माझ्या मुलीने संस्कृत घेतले आहे. मार्क किती पडतील ते पुढे पाहू. "अंतःस्फोट" मात्र मी तिच्या हाती दिले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, विशेषतः मुलींनो, तुम्हाला जो विषय आवडतो तो घ्या. त्याच्या दाराशी तुमच्यासाठी पाटी लावलेली नसेल, तर तुम्ही लावा. संस्थेला माझी नम्र विनंती आहे, की आपल्या विहारात एक कपाट असावे आणि त्यात जाईबाई, सुलोचनाबाई, कुमुदताई यांच्याविषयीची पुस्तके असावीत. पहिल्या पाच पुस्तकांचा खर्च मी देतो. आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी आपल्या वस्तीतल्या ज्या मायबहिणी अजून अंगठा लावतात त्यांना सही शिकवायला मी बसेन. कोणी सोबत आले तर आनंद होईल.

ज्ञान देणारी बाई ही आपली मायच असते. त्या मायेला अभिवादन करून मी माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय, जय भीम.