गोळी त्याची, खात्री कुणाची?

(सांगवी येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



एचआयव्ही म्हटले की वस्तीत आजही दोनच वाक्ये ऐकू येतात: 'भांडी वेगळी करा' आणि 'सूनच तसली असणार'. भांड्यांतून लागण होत नाही, हे आपण कितीदा सांगितले. आज त्यापुढची गोष्ट सांगायची आहे. नियमित औषधाने ज्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्हीची लागण होत नाही.

हे सिद्ध करण्यात आपल्या पुण्याच्या जोडप्यांचाही वाटा आहे. भोसरीची तेव्हाची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था नऊ देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात सामील होती. १७६३ जोडपी; एकाला लागण, दुसऱ्याला नाही. लवकर औषध सुरू केलेल्यांच्या जोडीदारांना होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली, असे २०११ मध्ये जाहीर झाले. भोसरी इथून किती लांब? तरी ही बातमी सांगवीतल्या बाईपर्यंत पोचली नाही.

आता नवरा म्हणेल, 'गोळी चालू आहे, मग निरोध कशाला?' बायांनो, इथे सावध राहा. गोळी सुरू होणे म्हणजे विषाणू दबणे नव्हे. त्याला काही महिने लागतात, आणि गोळ्या चुकल्या की तो पुन्हा वाढतो. खात्री शब्दावर नाही, व्हायरल लोडच्या रिपोर्टवर. सरकारी एआरटी केंद्रात औषध आणि ही तपासणी मोफत आहे. तोवर निरोध हवाच. इतर गुप्तरोग आणि नको असलेले गरोदरपण गोळीने टळत नाही. आणि रिपोर्ट कितीही चांगला असो, 'आज नको' म्हणण्याचा आपला हक्क संपत नाही.

लागण बाईलाच असेल तर? तिनेही औषध घेतले की हेच विज्ञान तिलाही लागू. शिवाय २०१७ चा एचआयव्ही कायदा २०१८ पासून अमलात आहे. तिला राहत्या घरातून काढता येत नाही. सांगितल्यास मारहाण होईल किंवा टाकून देतील अशी रास्त भीती असेल, तर डॉक्टरांनी परस्पर नवऱ्याला सांगायचे नाही.

तेव्हा बचत गटात, नळावर, कंपनीच्या गेटवर हे बोलू या. शंका असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. औषध विषाणूला दाबते; बाईला दाबणारी लाज मात्र आपणच मोडायची आहे.